कोऱ्या गोळीला गुण आला

१

ज्या बाईच्या पोटात औषध गेलंच नव्हतं, तिच्या रक्तात औषध सापडलं. बरं, एकीच्या सापडलं असतं तर नजरचूक म्हणून सोडून देता आलं असतं. सापडलं दोघींच्या.

ही बातमी घेऊन मार्तंडराव सोमवारी सकाळीच औरंगाबादहून जालन्याला येऊन थडकले, आणि गावाबाहेरच्या त्या धर्मादाय दवाखान्याचा चहासुद्धा न घेता खुर्चीत बसले. चहा नाकारणारा माणूस भांडायला आलेला असतो, हे तारा परतूरकर यांना वकिलीत केस पिकल्यावर ठाऊक झालं होतं. त्यांनी स्वतःचा कप मात्र जवळ ओढला.

तारा परतूरकर म्हणजे वकीलबाई. दिवाणी दाव्यांत त्यांची हयात गेली. दवाखान्यात नव्या औषधाची चाचणी चालू असली की रुग्णांवर कुणी अन्याय करत नाही ना, हे पाहायला एक समिती असते. त्या समितीवर डॉक्टर वामन अंबडकरांनी त्यांना आग्रहाने घेतलं होतं. दोन हजार तीन साल होतं. आजवर समितीचं काम म्हणजे सह्या आणि बिस्किटं, एवढंच होतं.

"चाचणी काय आहे ते पुन्हा एकदा सांगा. मला डॉक्टरी भाषा कळत नाही," त्या म्हणाल्या.

वामनरावांचा चेहरा उतरलेला होता. पण आजाराचं नाव निघालं की त्यांना कंठ फुटायचा. "यकृतात पित्ताच्या बारीक नळ्या असतात. या आजारात त्या वर्षानुवर्षं सुजत, बुजत जातात. पित्त तुंबतं, डोळे पिवळे होतात आणि अंगाला खाज सुटते. रात्री तर कातडी सोलून काढावीशी वाटते. रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरवणारी एक जुनी गोळी आहे. ती या आजारात चालते, अशी कुणकुण परदेशातून येत होती. ते खरं की खोटं, हे आपण पाहतोय. निम्म्या रुग्णांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी कोरी गोळी. कुणाला कुठली, ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. मला माहीत नाही, रुग्णांनाही माहीत नाही."

"मला माहीत आहे," मार्तंडराव म्हणाले. चाचणीवर देखरेख ठेवणं हे त्यांचं काम, आणि गुपित उघडायचा अधिकारही त्यांचा. "शहागडच्या, बदनापूरच्या रुग्णांचं सगळं ठीक आहे. घोळ आहे तो टेंभुर्णीच्या चौघींत. त्यांतल्या दोघींना कोरी गोळी होती. त्यांचं कोलेस्टेरॉल उतरलं, खाज कमी झाली, आणि आता रक्तात औषधही निघालं. म्हणजे कुणीतरी गोळ्या फिरवल्या. गोळ्या हातात असतात एकाच माणसाच्या. तुमच्या कंपाउंडरच्या."

"धर्मराज? अहो, तो बारा वर्षं इथे आहे," वामनराव म्हणाले.

"आजपासून नाही. मी त्याला घरी बसवलंय. शुक्रवारी पोलिसांत तक्रार देणार."

ताराबाईंनी कप खाली ठेवला. "त्याचा यात फायदा काय?"

मार्तंडराव पहिल्यांदाच हसले. "कोरी गोळी मिळालेल्या दोघींपैकी एक उषाबाई. ती धर्मराजची सख्खी मावशी आहे."

२

धर्मराज दवाखान्याच्या मागे, लिंबाखाली उभा होता. घरी बसवलेला माणूस घरी गेला नव्हता, कारण घरी काय सांगायचं हेच त्याला सुचत नव्हतं.

"मावशी आहे, हे लपवलं का?" ताराबाईंनी आडपडदा न ठेवता विचारलं.

"लपवलं न्हाई, बाई. कोणी इचारलंच न्हाई. टेंभुर्णीत अर्धं गाव मही मावशी नाहीतर मामी." तो कसंनुसं हसला. "आई वारली तवा मी पाळण्यात होतो. उषामावशीनंच वाढवलं. म्हून मी तिच्यासाठी चोरी करीन असं साहेबांला वाटतं. खरं सांगू का? मनात आल्तं. ती रात्रभर भिंतीला पाठ घासायची, ते पाहून मनात आल्तं. पण केलं न्हाई."

हे ऐकून ताराबाई मनातल्या मनात चरफडल्या. एवढं खरं बोलणारा अशील कोर्टात हमखास हरतो.

"गोळ्या देतोस कशा?"

"औरंगाबादहून बंद बाटल्या येतात. हरेकीवर नंबर. महिन्यातून एका मंगळवारी बाया येतात. खिडकीत मी बाटली ठेवतो अन् त्यांच्याच हातानं सील फोडायला लावतो. मह्या हातानं एकबी सील फुटत न्हाई. रिकामी बाटली पुढल्या महिन्यात परत घेतो."

"गोदामात गोळ्या कमी पडल्या का कधी?"

"न्हाई. साहेबांनी मघाशीच तपासलं. समदं बराबर निघालं."

तेवढ्यात मार्तंडराव मागून आले. त्यांच्या हातात चौघींच्या परत आलेल्या रिकाम्या बाटल्या होत्या. एक बाटली उन्हात धरून ते म्हणाले, "वकीलबाई, हे बघा. आतून पांढरी भुकटी चिकटलीय. चौघींच्याही बाटल्यांत. बाकी कुणाच्या बाटलीत नाही. खऱ्या गोळ्या काढून खडूच्या भरल्या, दुसरं काय?"

धर्मराज त्या भुकटीकडे बघतच राहिला.

३

प्रयोगशाळेत सत्यशीला एकटीच होती, आणि रडून रडून तिचे डोळे सुजले होते. रक्ताच्या नळ्या आपल्याच हातून उलटसुलट झाल्या असतील, या धास्तीने तिने सगळ्या तपासण्या पुन्हा केल्या होत्या. आकडे तेच आले होते.

"मग रडतेस कशाला? आनंद मान," ताराबाई म्हणाल्या.

"माझी चूक नाही म्हणजे धर्मराजभाऊंची ठरणार ना!"

ताराबाईंनी बाटली पुढे केली. "हा खडू आहे का, ते सांग."

सत्यशीलेने चिमूटभर भुकटी काचेवर घेतली आणि वर आम्लाचा थेंब सोडला. "खडू असता तर फसफसला असता. हा गप्प बसलाय."

ताराबाईंनी उरलेली भुकटी दोन बोटांत चोळली, नाकाशी नेली. त्यांच्या भाकरीचा आकार हा घरात चेष्टेचा विषय होता. पण भाकरी बिघडवायची तरी पिठात हात घालावाच लागतो. हे ज्वारीचं पीठ होतं.

औषधाच्या बाटलीत ज्वारीचं पीठ! त्या स्टुलावर बसल्या. "मला आकड्यांतलं कळत नाही. तू नुसतं तोंडाने सांग. चौघींचं नेमकं काय झालं?"

"पहिल्या महिन्यात द्वारकाबाई आणि नंदाबाई झपाट्याने सुधारल्या. उषाबाई आणि कौसल्याबाई होत्या तिथेच. दुसऱ्या महिन्यापासून या मागच्या दोघी सुधारायला लागल्या. आणि गंमत म्हणजे, पुढच्या दोघी थोड्या मागे आल्या. खाजही परत आली, पहिल्याइतकी नाही, पण आली. आता चौघींचे आकडे जवळजवळ सारखे आहेत."

"मार्तंडरावांना सांगितलंस हे?"

"ते म्हणाले, मला फक्त कोऱ्या गोळीवाल्यांचं बघायचंय."

ताराबाई उठल्या. चोर एकीचं औषध काढून दुसरीला देतो, तेव्हा पहिलीकडे काहीच उरत नाही. इथे तर पहिलीकडे अर्धं उरलं होतं. इतक्या बेताने चोरी करणारा चोर त्यांनी उभ्या हयातीत पाहिला नव्हता.

"उद्या जीप मिळेल का?" त्यांनी विचारलं. "टेंभुर्णीला जेवायला जायचंय."

४

टेंभुर्णीत द्वारकाबाईंच्या ओसरीवर चौघी जमल्या होत्या. डॉक्टरांनी तिकडे शिबिर घेतलं तेव्हा एकाच पंचक्रोशीत चौघी सापडल्या, आणि तेव्हापासून त्या एकाच जीपने दवाखान्यात जात-येत होत्या. द्वारकाबाई वयाने आणि आवाजाने सगळ्यांत मोठ्या. उषाबाई बारीक अंगाची, हातांवर जुन्या ओरखड्यांचे वण असलेली. नंदाबाई आणि कौसल्याबाई एकमेकींना चिकटून बसल्या होत्या.

ताराबाईंनी गोळ्यांचं नाव काढलं की चौघींची उत्तरं अगदी पाठ केल्यासारखी येत होती. गोळी रोज घेतो. कोणाला देत न्हाई. बाटली बराबर परत करतो. डॉक्टर देवमाणूस.

"धर्मराज बरा हाय ना?" मधेच उषाबाईंनी विचारलं. "कालपासून फोन न्हाई त्याचा."

म्हणजे इथवर बातमी पोचली नव्हती. ताराबाईंनी "बरा आहे" म्हणून वेळ मारून नेली. हातातला पत्ता इतक्यात टाकायचा नव्हता.

मग जेवणं निघाली. द्वारकाबाईंकडे पिठलं-भाकरी होती. उषाबाईंनी येताना ठेचा आणि दही आणलं होतं, नंदाबाईंनी मुगाची उसळ. कौसल्याबाईंच्या फडक्यात नुसत्या दोन कोरड्या भाकरी होत्या. आता चौघी ताटं मांडतील म्हणून वकीलबाई वाट पाहत होत्या. पण द्वारकाबाईंनी भिंतीला टेकवलेली भाकरीची परात ओढली. तिच्या कडेला सकाळचं पीठ तसंच होतं. चौघींचं सगळं त्या परातीत पडलं, भाकरी कुस्करली गेली, दही पडलं, आणि द्वारकाबाईंनी दोन्ही हातांनी ते असं कालवलं की कुणाचं काय होतं हे देवालाही सांगता आलं नसतं.

"काला," त्या म्हणाल्या. "दवाखान्यातबी आम्ही शिदोरीचा असाच करतो. कोणाच्या घरी काय आसतं, कोणाच्या घरी काय नसतं. परातीत पडलं की समदं सारखं. घ्या, वकीलबाई."

ताराबाईंनी घास घेतला. काला फर्मास झाला होता. दुसरा घास घेतला. मग परातीच्या कडेचं पीठ बोटावर घेऊन त्या सहज म्हणाल्या,

"आणि गोळ्यांचाही काला याच परातीत करता का?"

कौसल्याबाईंच्या हातातला घास हातातच राहिला.

५

"काय बोलून राह्यल्या तुम्ही!" द्वारकाबाईंचा आवाज चढला. "डॉक्टरनं सांगितल्यालं, गोळी कोणाला द्यायची न्हाई. आम्ही न्हाई दिली."

"ठीक आहे." ताराबाईंनी हात धुतले. "मग गोळ्या फिरवल्या त्या धर्मराजनेच. त्याला कामावरून काढलंय. शुक्रवारी पोलिसांत देणार आहेत."

उषाबाई उभ्या राहिल्या. पदर खांद्यावरून पडला तरी त्यांना भान नव्हतं. "मह्या लेकराला? बाई, त्यानं काहीबी केलं न्हाई! आम्हीच केलं. मला बेड्या घाला, पर त्याला सोडा."

"खाली बस, उषा," द्वारकाबाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज बसला होता. "सांगते मी. मीच केलं समदं."

आणि त्यांनी सांगितलं. बाटल्या घेऊन आल्या की चौघी या ओसरीवर जमायच्या. चारी बाटल्या परातीत उलट्या करायच्या, हाताने फिरवून एक करायच्या आणि पुन्हा चौघींत सारख्या भरायच्या. डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं होतं की कुणाला खरी, कुणाला कोरी, हे चिठ्ठीवर ठरणार. ते या बायकांच्या डोक्यात काही केल्या शिरलं नव्हतं. एका गावच्या, एका जीपच्या, एका दुखण्याच्या बायका. एकीने झोपायचं आणि एकीने जागायचं, आणि हे ठरवणार एक चिठ्ठी? द्वारकाबाईंनी चिठ्ठीचा निकाल फिरवला होता.

"पण पहिल्या महिन्यात नाही केलात काला," ताराबाई म्हणाल्या. "दुसऱ्यापासून केलात. का?"

द्वारकाबाई परातीच्या कडेचं पीठ नखाने खरवडू लागल्या.

"पहिल्या महिन्यात तुमची खाज गेली होती. नंदाबाईंचीही."

"गेल्ती," द्वारकाबाई हळूच म्हणाल्या. "सा वर्षांनी मला झोप लागली. अन् उषाचं घर भिंतीला भिंत लागून. मही झोप लागायच्या टायमाला तिचं खाजवणं ऐकू यायचं. दोन-चार रोज ऐकलं. मंग नंदाला म्हणलं, मह्याच्यानं हे होत न्हाई. ती म्हणली, मह्याच्यानंबी न्हाई."

उषाबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "तू तर म्हणलीस, कोणाची खरी हे कोणालाच ठाऊक न्हाई!"

"म्हणले."

"अन् तुला ठाऊक होतं? तुझी खाज परत आली ती... ती आमच्यापायी?"

"खरं सांगितलं असतं तर तू घेतल्या असत्या का गोळ्या?" द्वारकाबाई उसळून म्हणाल्या, आणि मग त्यांनाच रडू कोसळलं.

कोर्टात ताराबाईंनी भाऊ भावाच्या हिश्श्यातला वीतभर बांध कोरताना पाहिला होता. स्वतःच्या हातात आलेली झोप अर्धी करून शेजारणीला देणारी बाई त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. त्यांना ओरडायचं होतं, कारण हे चुकीचं होतं आणि धोक्याचंही होतं. पण त्यांनी द्वारकाबाईंपुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

"शुक्रवारी जालन्याला यायचं," शेवटी त्या म्हणाल्या. "चौघींनी. आणि हे सगळं असंच्या असं सांगायचं."

"मंग आमच्या गोळ्या बंद होतील," कौसल्याबाई कुजबुजल्या.

"होतील कदाचित," ताराबाई म्हणाल्या. त्यांना खोटं बोलवेना.

उषाबाईंनी पदर खोचला. "होऊ द्या. मी येते."

६

शुक्रवारी मार्तंडराव तयारीनिशी आले होते. त्यांनी चौघींचं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "गावची माणसं आहेत. भाच्याला वाचवायला काहीही सांगतील."

"बरोबर," ताराबाई म्हणाल्या. त्यांना असाच प्रतिवादी आवडायचा. "म्हणून त्यांचं सोडा, बाटल्यांचं ऐका. धर्मराजने खऱ्या गोळ्या आणल्या कुठून? गोदाम तुम्हीच तपासलंत, एकही कमी नाही. द्वारकाबाईंच्या बाटलीतून काढल्या म्हणाल, तर सील त्यांनी स्वतः खिडकीत फोडलं. बरं, तो मावशीसाठी चोरतो, मग कौसल्याबाईंना कशाला देतो? त्या त्याच्या कुणी नाहीत. आणि द्वारकाबाई, नंदाबाईंचं सगळं औषध न काढता अर्धंच का काढतो? चौघी एका पातळीवर आल्या, मार्तंडराव. चोरीने माणसं सारखी होत नाहीत. वाटणीने होतात."

"आणि ती भुकटी?"

"ज्वारीचं पीठ. सत्यशीलेने खडू नसल्याचं दाखवलंय. उरलेल्या पिठाची खात्री तुमच्या प्रयोगशाळेत करून घ्या. हवं तर जेवायला टेंभुर्णीला चला, परात अजून तिथेच आहे."

मार्तंडराव कडक होते, पण खोटे नव्हते. त्यांनी एक बाटली घेतली, बोट आत घालून पीठ चोळलं, आणि ते बोट रुमालाला पुसायचं विसरले. "मी फक्त दोघींचेच आकडे पाहिले," ते म्हणाले. "चौघींचे पाहायला हवे होते. चूक माझी आहे. तक्रार जाणार नाही. धर्मराज आजच कामावर येईल."

खोलीतला श्वास एकदम मोकळा झाला. वामनरावांनी खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं. "चूक माझीही आहे," ते म्हणाले. "मी नियम सांगितला, पण नियम का आहे ते सांगितलं नाही. पण या चाचणीचं आता..."

"चाचणी मरत नाही," मार्तंडराव म्हणाले. "या चौघींना त्यातून वगळावं लागेल. बाकीचे रुग्ण एकेकटे येतात, त्यांचे आकडे स्वच्छ आहेत. शहागडचा रामकिसन कोऱ्या गोळीवर आहे, तो अजून खाजवतोय. बदनापूरकडचे खऱ्या गोळीवाले झोपतायत. औषध चालतंय असं दिसतंय, डॉक्टर. पुरं ठरायला वेळ लागेल, पण दिसतंय."

"आणि आम्ही?" द्वारकाबाईंनी विचारलं.

मार्तंडरावांनी वकीलबाईंकडे पाहिलं. समितीची बाई काय म्हणते, यावर हे अवलंबून होतं.

"चाचणीतून बाहेर म्हणजे चिठ्ठीतूनही बाहेर," ताराबाई म्हणाल्या. "डॉक्टर त्यांना उघडपणे खरी गोळी लिहून देतील, चौघींनाही. दर महिन्याला रक्त तपासायचं, कारण ही गोळी कुणाकुणाच्या यकृताला सोसत नाही. आणि गोळी ज्याची त्यानेच घ्यायची. या अटीवर समितीची हरकत नाही." समितीचे बाकीचे सभासद या क्षणी कुठे होते, हे कुणी विचारलं नाही, आणि मग मार्तंडरावांनी स्वतःहून चहा मागवला.

७

पुढच्या मंगळवारी ताराबाई दवाखान्यात गेल्या. काम असं काही नव्हतं. धर्मराजला खिडकीत उभा पाहायचं होतं, एवढंच.

तो उभा होता. दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा. रांगेत टेंभुर्णीच्या चौघी आल्या. द्वारकाबाई, नंदाबाई, कौसल्याबाई आपापली बाटली घेऊन बाजूला झाल्या. शेवटी उषाबाई. धर्मराजने बाटली पुढे सरकवली आणि म्हणाला, "मावशी, ही फकस्त तुझी. दिवसातून एक. समजलं?"

उषाबाईंनी बाटली घेतली नाही. खिडकीतून हात आत घातला आणि एवढ्या मोठ्या कंपाउंडरचा कान धरला.

"चार रोज लिंबाखाली उभा होतास म्हणे. घरी सांगितलं न्हाई, मला फोन न्हाई."

"मावशी, लोक बघून राह्यले."

"बघू दे. चोरीचा आळ आला अन् एकटाच गिळून बसलास? आम्ही चौघींनी दुखणं वाटून खाल्लं, अन् तू मला तुझं एवढंसं दुःख दिलं न्हाईस?"

धर्मराजने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण शब्दांऐवजी हुंदका आला. त्याने खिडकीच्या चौकटीवर कपाळ टेकलं. उषाबाईंनी कान सोडला आणि त्याच हाताने त्याचं डोकं कुरवाळलं. तो रडत रडत हसायला लागला, मग त्याही. ताराबाईंनी चष्मा काढून पुसला. मागे रांगेतून कुणीतरी ओरडलं, "ओ मावशी, जल्दी करा की, बस चालली आमची!" उषाबाईंनी वळूनही पाहिलं नाही.